न बांधलेल्या घरांचे पैसे

गणपतीच्या जेवणात वाद घालू नये असं आई म्हणायची. आरती झाली, मोदक वाढले, की फक्त तुपाबद्दल बोलायचं. पण यंदा विषय निघालाच. मी काढला नाही, अण्णांनी काढला. (अण्णा म्हणजे माझे मामेभाऊ. वयाने बारा वर्षांनी मोठे, न्यू जर्सीत माझ्या आधी पंधरा वर्षं आलेले. ते हे सगळं वाचतात, त्यामुळे जपून लिहितोय. पण फार जपून नाही.)

आमच्या टाऊनशिपने नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न ठेवलाय. मोकळ्या जागांसाठीचा टॅक्स दर शंभर डॉलर किमतीमागे दोन सेंटवरून चार सेंट करायचा का? आमच्या घराच्या मागे रस्ता ओलांडला की नव्वदेक एकराचं शेत आहे, कधी मका, कधी सोयाबीन. मालक आता सत्तरीत आहे आणि मुलं शेती करणार नाहीत. एक स्थानिक लँड ट्रस्ट त्याच्याशी इझमेंटबद्दल बोलतोय आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशांतला काही वाटा टाऊनशिपने द्यावा असं चाललंय.

अण्णा म्हणाले, "त्याची जमीन, त्याने विकावी नाहीतर ठेवावी. माझ्या खिशातून त्याला पैसे कशाला? आणि पैसे देऊन मला मिळणार काय? आत पाऊलसुद्धा ठेवता येणार नाही."

जेवणारे सगळे माना डोलवायला लागले. मी मोदक खाल्ला आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं गेले तीन आठवडे टोचतंय, म्हणून हा लेख.

आधी इझमेंट म्हणजे काय ते सांगतो, कारण त्या दिवशी पानावर बसलेल्या अर्ध्या लोकांना वाटत होतं की सरकार शेत विकत घेतंय. तसं नाही. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ना, शेजाऱ्याच्या बांधावरून विहिरीकडे जायचा हक्क, इझमेंट हा तसाच जमिनीवरचा हक्क. कोर्टाच्या मराठीत सुविधाधिकार. भारतात त्याचा कायदा १८८२ चा आहे. फरक एवढाच की वहिवाटीत दुसरा माणूस तुमच्या जमिनीवरून काहीतरी करू शकतो, आणि या इझमेंटमध्ये तुम्ही तुमच्याच जमिनीवर काहीतरी करू शकत नाही. घरं बांधू शकत नाही, प्लॉट पाडू शकत नाही. बाकी जमीन तुमचीच. कसा, विका, मुलांना द्या. पण बंधन जमिनीला चिकटलेलं असतं, पुढच्या प्रत्येक मालकाबरोबर जातं. कायमचं.

जुन्या इंग्लिश कायद्यात असा हक्क ठेवायला तुमची स्वतःची जमीन शेजारी असावी लागायची. लांबच्या एखाद्या संस्थेने "तू बांधू नकोस" म्हणणं कोर्टात टिकेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून अमेरिकेत राज्याराज्यांनी वेगळे कायदे केले, १९८१ मध्ये त्यासाठी एक नमुना कायदाही आला. आणि १९८० पासून इन्कम टॅक्सच्या कायद्यात १७०(एच) नावाचं कलम पक्कं झालं. त्याच्याकडे पुढे येतो. खरा राग माझा तिथे आहे.

किंमत कशी ठरते? समजा ते नव्वद एकर बिल्डरला एकरी तीस हजार डॉलरने जातील, म्हणजे सत्तावीस लाख. बांधायचं नाही अशी अट असेल तर दुसरा शेतकरी एकरी दहा हजार देईल, म्हणजे नऊ लाख. मधले अठरा लाख ही इझमेंटची किंमत. (आकडे माझे, हिशोब समजावा म्हणून.) म्हणजे न बांधलेल्या घरांचे पैसे. न्यू जर्सीत शेतांसाठी हे काम राज्याची एक समिती करते. दोन स्वतंत्र मूल्यांकनं होतात, समिती किंमत प्रमाणित करते, आणि मधे ना-नफा संस्था असेल तर राज्य अर्ध्यापर्यंत वाटा देतं. उरलेला काउंटी, टाऊनशिप आणि संस्थेची वर्गणी.

हे काही कालचं फॅड नाही. १९६१ मध्ये इथे ग्रीन एकर्स सुरू झालं, १९८३ मध्ये शेतजमिनीचा कायदा आला. १९९८ मध्ये लोकांनी मत देऊन राज्यघटनाच बदलली आणि दहा वर्षं दरवर्षी विक्रीकरातले ९ कोटी ८० लाख डॉलर यासाठी बाजूला काढले. २०१४ मध्ये परत मत झालं आणि कंपन्यांच्या करातला वाटा ठरला. आज राज्यात २८०० हून जास्त शेतं, अडीच लाखांहून जास्त एकर, असं राखलेलं आहे. देशातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या राज्यात! अण्णा दर शरद ऋतूत पाहुण्यांना भोपळे आणि सफरचंदं तोडायला ज्या भागात नेतात, तिथली कितीतरी शेतं यातलीच आहेत. फोटो असतात त्यांच्याकडे.

"संस्था कशाला मधे? सरकारनेच घ्यावं की." हाही प्रश्न आला होता. त्याचं उत्तर मला पुस्तकात नाही, एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात मिळालं. मी चार वर्षांपासून एका लँड ट्रस्टसाठी स्वयंसेवक म्हणून जातो. तो म्हातारा सरळ म्हणाला, सरकारचा माणूस असता तर मी दार उघडलं नसतं. संस्थेची बाई मात्र सहा वर्षं येत होती. कॉफी पीत होती, मुलीच्या लग्नाला आली होती. अशी बोलणी एका बैठकीत होत नाहीत. शिवाय बिल्डर चेकबुक घेऊन येतो आणि सरकारी मंजुरीला दोन वर्षं लागतात. संस्था मधल्या काळात उसने पैसे उभे करू शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ मध्ये चार्ल्स एलियटने अशी पहिली संस्था काढली तेव्हापासून हे असंच चाललंय.

आता अण्णांचे मुद्दे.

पैसे. घराची किंमत सहा लाख धरली तर दोन सेंट म्हणजे वर्षाला १२० डॉलर. महिन्याला दहा. यावर मी जास्त बोलणार नाही, ज्या घरात तीन ठिकाणचे क्रिकेटचे पॅकेज आहेत तिथे तर नाहीच. :-)

श्रीमंतांना पैसे. अण्णांना "घोडेवाले" दिसतात. पण त्यांना आत्ताच सवलत मिळते हे त्यांना ठाऊक नाही. १९६४ च्या कायद्याने पाच एकर जमीन आणि शेतीची थोडी विक्री दाखवली की प्रॉपर्टी टॅक्स नाममात्र होतो. पहिल्या पाच एकरांसाठी वर्षाला ५०० डॉलरची विक्री पुरायची, पुढे ती १००० केली. थोडं गवत कापून विकायचं, चार मेंढ्या पाळायच्या, झालं. आणि या सवलतीच्या बदल्यात मालक काय देतो? काहीच नाही. उद्या विकून टाकली तर मागच्या दोनतीन वर्षांचा फरक भरायचा आणि मोकळं व्हायचं. ज्या सवलतीतून कायमचं काही मिळत नाही तिच्याबद्दल कुणी पानावर बोलत नाही. ज्या खर्चातून कायमचं काहीतरी हातात येतं त्याबद्दल मात्र तावातावाने बोलतात.

आत पाऊल ठेवता येत नाही हे खरं आहे. शेताच्या इझमेंटमध्ये लोकांना आत जायचा हक्क मिळत नाही, उभ्या पिकात आपण फिरायला जाणारही नाही. फिरायला जागा हवी असेल तर ग्रीन एकर्सच्या पैशातून घेतलेल्या जागा आहेत, त्या बहुतेक लोकांना खुल्या असतात. पण मुरणारं पाणी, न वाढलेली रहदारी आणि न बांधलेली शाळा यांच्यासाठी पाऊल आत ठेवावं लागत नाही.

खरा अवघड मुद्दा अण्णांनी काढलाच नाही. तो त्यांच्या मुलीने काढला, भांडी आवरताना. ती सव्वीस वर्षांची आहे, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. म्हणाली, "काका, तुमचं घर कशावर उभं आहे? शेतावरच ना? तुम्ही आत आलात आणि आता दार लावताय."

काय उत्तर देणार? आमच्या सबडिव्हिजनचं नावच जुन्या शेताचं आहे. पाटी आहे, शेत नाही. आणि या राज्यात मोकळ्या जागेचं नाव घेऊन गरिबांना बाहेर ठेवायचा इतिहास आहे. १९७५ मध्ये माउंट लॉरेलच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने टाऊनशिपना सांगितलं की झोनिंगचे नियम वापरून परवडणारी घरं अडवता येणार नाहीत, प्रत्येकाने आपला वाटा उचलायचा. त्यानंतर पन्नास वर्षं टाऊनशिपा त्यातून वाटा काढतायत. २०२४ मध्ये परत नवा कायदा करावा लागला. मोकळ्या जागेच्या सभेत टाळ्या वाजवणारी काही माणसं पुढच्या महिन्यात अपार्टमेंटच्या विरोधात त्याच माइकवर उभी असतात. मी त्यांना ओळखतो. एक वर्ष मीही त्यांच्यात होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा शेतावर सार्वजनिक पैसे खर्चून बंधन घालू नये. तिथे इमारती व्हाव्यात, चांगल्या उंच व्हाव्यात. आमच्या मागचं शेत स्टेशनपासून सात मैलांवर आहे. तिथे झालं तर काय होईल? एकेका एकरावर तीन गाड्यांच्या गराजची घरं. त्यातलं एकही त्या पोरीला परवडणार नाही.

आता थोडं विषयांतर. आमची चाकणजवळ जमीन होती, फार नाही, साडेतीन एकर. एमआयडीसी आली, गाड्यांचे कारखाने आले, मग एजंट आले. आमच्या काकांनी गुंठ्यागुंठ्याने विकली. बाबांनी सही केली, मीही पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवली. पैसे चांगले आले, त्यातून काकांच्या दोन मुली शिकल्या, कुणी काही पाप केलं नाही. पण बाबा एकदा म्हणाले होते, "दोनच वाटा होत्या रे. विका, नाहीतर शेजारच्या सगळ्यांनी विकल्यावर मूर्खासारखे बसा." तिसरी वाट कुणी दाखवलीच नाही. जमीन न विकता, तिच्यात अडकलेल्या किमतीचा काही भाग हातात देणारी व्यवस्था तिथे नव्हती, आजही नाही. पुण्याच्या टेकड्यांवर बीडीपीचं आरक्षण टाकलं, तर मालकांना मोबदला काय आणि किती टीडीआर यावरून वर्षानुवर्षं भांडण. नुसतं आरक्षण टाकलं की मालक लुबाडला गेल्यासारखा होतो, आणि मग तोच रात्री मुरूम उपसायला ट्रक बोलावतो. अमेरिकेकडून आपण बर्गर घेतला, ही गोष्ट नाही घेतली.

असो. आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द, कारण लँड ट्रस्टमधले मित्रही हे वाचतात आणि त्यांना वाटतं की सरकारने दिलेला प्रत्येक डॉलर पवित्र असतो.

सार्वजनिक पैसा दोन दारांनी येतो. एक दार मघाशी सांगितलं: रोख. राज्य, काउंटी, किंवा केंद्राचा फार्म बिलमधला कार्यक्रम (२०१८ च्या कायद्याने वर्षाला ४५ कोटी डॉलर). दुसरं दार म्हणजे ते १७०(एच). मालक इझमेंट दान करतो आणि त्याची किंमत उत्पन्नातून वजा करतो. २००६ मध्ये ही वजावट वाढवली आणि २०१५ मध्ये ती वाढ कायम केली. उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत, शेतकरी असेल तर शंभर टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढची पंधरा वर्षं.

ऐकायला छान. आता तेच अठरा लाखांचं शेत घ्या. मालक वर्षाला वीस लाख कमावणारा फंडवाला असेल तर तो दरवर्षी दहा लाख वजा करील, दोन वर्षांत सगळं संपवील, आणि वरच्या पट्टीच्या दराने त्याचा सव्वासहा लाखांच्या आसपास टॅक्स वाचेल. मालक वर्षाला पन्नास हजार मिळवणारा शेतकरी असेल तर सोळा वर्षांत मिळून तो आठ लाखच वजा करू शकतो, तेही खालच्या दराने. वाचलेला टॅक्स लाखभरही नाही. तेच शेत, तीच माती, तेच बंधन. अण्णा, घोडेवाल्याला पैसे जातात म्हणता ना, ते या दाराने जातात आणि त्यावर तुम्हाला मतपत्रिका येत नाही.

आणि किंमत कोण ठरवतं? मालकाने नेमलेला मूल्यांकन करणारा. ज्याला वजावट मोठी हवी तोच त्याचं बिल भरतो. २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने नेचर कॉन्झर्व्हन्सीवर लेखमाला छापली, त्यात संस्थेच्या जवळच्याच लोकांशी झालेले जमिनीचे व्यवहार बाहेर आले आणि सिनेटने चौकशी केली. अलाबामात किवा ड्यून्स नावाच्या गोल्फ कोर्सवरच्या इझमेंटसाठी २००९ मध्ये टॅक्स कोर्टाने दोन कोटी ऐंशी लाख डॉलरहून जास्त वजावट मान्य केली. गोल्फ कोर्स! आपल्याच राज्यात बेडमिन्स्टरच्या गोल्फ क्लबवर त्याच्या मालकाने, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी, २००५ मध्ये सुमारे ३ कोटी ९१ लाखांची वजावट घेतल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. हे कायद्यात बसतं म्हणूनच जास्त चीड येते.

जे बसत नव्हतं ते त्याहून भयंकर. दलालांनी कंपन्या काढल्या, एखादी माळरानाची जमीन घ्यायची, गुंतवणूकदारांना तिचे हिस्से विकायचे, मग तिथे भव्य रिसॉर्ट होणार होतं असं दाखवून किंमत कित्येक पट फुगवायची, आणि इझमेंट दान. एक डॉलर घाला, चार डॉलरची वजावट न्या. आयआरएसने डिसेंबर २०१६ मध्ये धोक्याची नोटीस काढली. काँग्रेसला कायदा करायला डिसेंबर २०२२ उजाडलं, आता अशा भागीदारीत गुंतवणुकीच्या अडीच पटीवर वजावट मिळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटलांटाच्या कोर्टाने अशा धंद्यातल्या दोघांना पंचवीस आणि तेवीस वर्षांची शिक्षा दिली, खोट्या वजावटी १३० कोटी डॉलरच्या वर होत्या. देशातल्या लँड ट्रस्टांची मुख्य संघटना या दलालांच्या विरोधात उभी होती हे मी मान्य करतो. पण प्रत्येक इझमेंट स्वीकारायला कुठली तरी संस्था लागतेच. दान घेणारा हात नसता तर एकही सौदा झाला नसता.

माझं मत ट्रस्टमधल्या मित्रांना आवडणार नाही. वजावटीचं दार हळूहळू बंद करावं आणि तेवढेच पैसे रोखीच्या कार्यक्रमात घालावेत. रोखीत किंमत आधी कळते, सभेत वाचली जाते, अण्णांसारखा माणूस उभा राहून ओरडू शकतो. वजावटीत किंमत नंतर, तीही ऑडिट झालं तर. मित्र म्हणतात, रोखीचे पैसे कुठलंही सरकार दर वर्षी कापू शकतं, वजावट सुरक्षित असते. बरोबर आहे. ती सुरक्षित आहे कारण ती कुणाला दिसत नाही, आणि मला तेच नको आहे.

आता "कायमचं" या शब्दाबद्दल. तो कागदावर लिहायला सोपा असतो. हंटरडन काउंटीतल्या क्वेकर व्हॅली फार्म्स नावाच्या राखलेल्या शेतावर मालकाने फुलांसाठी प्लास्टिकची मांडव-घरं घालायला सुमारे वीस एकरांचा उतार खोदून सपाट केला. वरची उत्तम माती गेली. मालक म्हणाला, फुलं ही शेतीच आहे, आणि ते चूकही नव्हतं. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की शेती करायला हक्क आहे, माती कायमची मारायला नाही. छान निकाल. पण तिथे लढायला राज्य होतं. दोन पगारी माणसांची ट्रस्ट असती तर? २०१३ पासून ट्रस्टांनी मिळून वकिलांच्या खर्चासाठी स्वतःची विमा व्यवस्था चालवली आहे, तीही पुरी पडेल असं नाही. दान देणारा पहिला मालक सहसा बंधन मोडत नाही. त्याच्याकडून विकत घेणारा मोडतो, ज्याने तो कागद नीट वाचलेलाच नसतो. आणि देखरेखीसाठी सार्वजनिक पैसा जवळजवळ कुणीच देत नाही. रिबन कापायला सगळे येतात.

देखरेख म्हणजे काय तर वर्षातून एकदा आमच्यासारखा माणूस नकाशा, जीपीएस आणि डासांचा स्प्रे घेऊन हद्दीवरून चालतो, फोटो काढतो, फॉर्म भरतो. गेल्या ऑगस्टमध्ये एका राखलेल्या शेताच्या कडेला मला हद्दीच्या पंधरा फूट आत एक मांडव दिसला. व्यवस्थित, बांबू आणि नायलॉनच्या जाळीचा. त्यावर दोडकी लोंबत होती, शेजारी अळू आणि दोन कारल्याचे वेल. मागे सबडिव्हिजन, त्यात आपलीच माणसं. बेल वाजवली. काकूंनी पाणी दिलं, कैरीचं लोणचं दिलं, आणि म्हणाल्या, "अहो, ती मोकळीच जागा आहे ना? कुणाचीच नाही."

मी फॉर्ममध्ये दोडकी लिहिली. फोटो जोडला. काकूंनी महिनाभरात मांडव आत घेतला, आता लोणच्याची बाटली येत नाही.

सभा येत्या मंगळवारी सात वाजता आहे. मी होय म्हणणार आहे, पण तीन गोष्टी मागून: प्रत्येक इझमेंटची किंमत आणि दोन्ही मूल्यांकनं मतदानाआधी वेबसाइटवर, स्टेशनच्या आसपासची जमीन या यादीतून बाहेर, आणि प्रत्येक सौद्याबरोबर देखरेखीच्या खर्चाची रक्कम बाजूला. अण्णा नाही म्हणणार आहेत. त्यांची गाडी सध्या गराजमध्ये आहे, म्हणून मीच त्यांना साडेसहाला घ्यायला जाणार आहे.